वाकड्या सहदेवाची खुर्ची

‘प्रस्तुत आसन हे स्विस वास्तुविशारद एमिल होल्टसर यांनी सन १९५७ च्या जुलै महिन्यात बोटीने रत्नागिरीस येऊन मुक्काम केला असता कल्पिले व ते कै. विष्णुशेठ रेडीज यांच्या वखारीतील ब्रह्मी सागापासून, विष्णुशेठ यांच्याच देखरेखीखाली सिद्ध झाले. आसनाचा मागे कललेला कोन, अर्थात ‘चिंतनकोन’, हा होल्टसर यांच्या प्रतिभेने पौर्वात्य ध्यानपरंपरेला केलेला मुजरा होय.’

रत्नसिंधू वारसा प्रतिष्ठानाच्या कार्यकारिणीने एकमताने संमत केलेला हा मजकूर पितळेच्या पाटीवर कोरून झाला होता. शनिवारी जुन्या बंदर कचेरीत ‘कचेरी-फर्निचर वारसा दालना’चे उद्घाटन व्हायचे होते आणि त्याआधी तज्ज्ञ म्हणून पाटीवरून एकदा नजर फिरवावी, अशी विनंती डॉ. आम्रपाली सकपाळ यांना करण्यात आली होती. मजकुरात काही फरक व्हावा ही अपेक्षा अर्थातच नव्हती. तज्ज्ञांनी पाहिले असे निमंत्रणपत्रिकेत छापता यावे, एवढीच होती.

आम्रपालीबाईंनी पाटी उभ्यानेच वाचली. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा वाचली. महाविद्यालयात त्यांनी सारा जन्म आर्थिक इतिहास शिकवला होता. निवृत्तीनंतर त्यांनी स्वातंत्र्योत्तर काळातील सरकारी लाकूडसामानावर एक ग्रंथ लिहिला होता. टेबल, खुर्ची, फायलींचा घोडा आणि टपालाची खणपेटी या विषयांवर इतके सविस्तर लिहिलेले मराठीत दुसरे पुस्तक नाही. वाचणाऱ्यांची संख्याही साधारण त्याच प्रमाणात होती.

“कशी वाटली पाटी, मॅडम?” प्रतिष्ठानाचे सचिव आणि दालनाचे कर्ते राजेंद्र रेडीज यांनी विचारले. ते विष्णुशेठांचे नातू, आणि जुन्या सामानाचे व्यापारी. एके काळी ते आम्रपालीबाईंचे विद्यार्थीही होते.

“पितळ उत्तम आहे,” बाई म्हणाल्या.

“आणि मजकूर?”

“त्या बोटीचं नाव काय होतं रे, राजेंद्र?”

“कुठल्या बोटीचं?”

“होल्टसर जुलैत जिच्यातून आले तिचं. पावसाळा तोंडावर आला की आगबोटी बंद व्हायच्या, त्या नारळी पौर्णिमेपर्यंत. तुझ्या आजोबांना विचारलं असतंस तर त्यांनीही सांगितलं असतं. म्हणजे हा गृहस्थ पोहत आला. ज्या देशाला समुद्र नाही तिथला माणूस भर जुलैत अरबी समुद्र पोहून आला, हे खुर्चीपेक्षा मोठं काम झालं. पाटी त्याची लाव.”

राजेंद्रने क्षणभर विचार केला. “मे करू. मे चांगला. आंबाही येतो त्यात.”

“पाटी कोरून झाली आहे.”

“‘जुलै’ घासला की तिथं ‘मे’ बसतो. उरलेल्या जागेत फूल काढून देईल तो.”

नमुन्यादाखल मांडलेली खुर्ची बाईंनी उलटी केली, केसातला आकडा काढला आणि बैठकीच्या खालच्या पट्टीवर एक ओरखडा मारला. वरच्या काळपट थराखालून पिवळे लाकूड दिसले.

“फणस,” त्या म्हणाल्या. “ब्रह्मदेशात फणस होत नाहीत असं माझं म्हणणं नाही. पण जो वखारवाला रत्नागिरीत बसून फणस ब्रह्मदेशातून मागवतो, त्याच्या व्यवहाराविषयी त्याच्या नातवाने पाटीवर न लिहिलेलं बरं.”

होल्टसरविषयी त्यांनी काही विचारले नाही. दोन रात्री जागून त्यांनी त्याला सगळीकडे शोधला होता. वास्तुविशारदांच्या कोशांत, लिलावांच्या सूचीपत्रांत, परदेशी विद्यापीठांच्या ग्रंथालयांत तो कुठेच नव्हता. राजेंद्रने काढलेल्या आर्ट पेपरच्या पुस्तिकेखेरीज जगात त्याचा जन्म कुठे नोंदला गेला नव्हता. बाईंना त्याचे आश्चर्यही वाटले नव्हते. द्वितीय वर्षाला असताना याच राजेंद्रने चाचणीच्या उत्तरात एका इंग्रज प्रवाशाचा दाखला दिला होता. त्या प्रवाशाने शिवकाळातल्या दाभोळ बंदराविषयी जे लिहिले होते, त्यात टपाल तिकिटांचा उल्लेख होता. बाईंनी त्याला नापास केले होते. राजेंद्र तेव्हा फक्त म्हणाला होता, “पण वाचायला छान वाटलं ना, मॅडम?” त्या एका वाक्यावर त्याने पुढे सगळा धंदा उभारला.

“ठीक आहे,” राजेंद्र आता खुर्ची सरळ करत म्हणाला. म्हणजे त्याने ती पायांवर उभी केली. सरळ ती होत नव्हतीच. मागचे पाय आखूड असल्यामुळे पाठ मागे रेललेली राहायची. “तुमचं सगळं मान्य. होल्टसर काढला. साग काढला. मन मोठं करून आजोबाही काढतो. मग खुर्ची कोणाची?”

“सहदेव सकपाळ. आणि प्रज्ञा सुतारकाम सहकारी मंडळी, मिरजोळे.”

“तुमचे वडील.”

“माझे वडील असणं हा त्यांचा दोष नाही.”

“नाही, नाही. आदर आहे मला. फक्त एकच सांगा, मॅडम.” राजेंद्रचा आवाज मऊ झाला. त्याचा माल नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाशी तो असाच मऊ बोलत असे. “सहदेवरावांनी ती वाकडी का केली?”

वर्गात प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहण्याची आम्रपालीबाईंना सवय होती. प्रश्न आपल्याला विचारला जाण्याची आणि समोरच्याने उत्तराची वाट पाहण्याची नव्हती.

“बघा बुवा,” राजेंद्र म्हणाला. “शनिवार सकाळपर्यंत सांगितलंत तर पाटी बदलतो. शब्द देतो. नाहीतर होल्टसर राहू दे. त्याच्या नावावर निदान खुर्ची शहाणी तरी ठरते.”

दुखणे नेमके इथेच होते, आणि राजेंद्रने त्यावर बोट ठेवले होते.

छप्पन साली मिरजोळ्याच्या वाडीने दीक्षा घेतली. वाडीतल्या पुरुषांनी आणि बायकांनी ज्या गोष्टी एकदमच टाकल्या, त्यात जुनी गावकामेही होती. हाताला नवे काम हवे होते. सहदेव सुतारकाम शिकून आला होता. त्याने मंडळी उभी केली. नवे सरकार तेव्हा जिथे तिथे नवी खाती काढत होते, आणि प्रत्येक खात्याला बसायला काहीतरी लागत होते. मुंबईहून सामान आणायचे तर बोटीचे भाडे आणि फुटतूट. मग फणसाची लाकडे, वेताची वीण आणि मिरजोळ्याचे हात यांच्यावर जिल्ह्याचे कारकून बसू लागले. खुर्चीची बैठक आणि पाठ वाडीतल्या बायका विणत. त्यातली सर्वांत घट्ट वीण येसूबाईची, म्हणजे आम्रपालीबाईंच्या आईची. देशभर असे शेकडो कारखाने होते. त्यांच्या खुर्च्या आज परदेशी लिलावांत चढ्या भावाने विकल्या जातात आणि सूचीपत्रात त्यांच्यापुढे ‘कारागीर अज्ञात’ असे छापतात. आम्रपालीबाईंच्या ग्रंथाचे एक अख्खे प्रकरण या दोन शब्दांच्या विरोधात होते. ज्याला आई-बाप, गाव आणि रेशनकार्ड असते तो अज्ञात नसतो, त्याला विचारायला कोणी गेलेले नसते, असे त्यात लिहिले होते.

मिरजोळ्याच्या मंडळीचे सर्वांत मोठे काम बंदर कचेरीचे होते. कारकुनांच्या खुर्च्या आणि टेबले गेली, काही वर्षे वापरली गेली, कोणी ब्र काढला नाही. मग कचेरी गावातल्या नव्या इमारतीत गेली, सामान तिकडे हलले, आणि पहिल्याच दिवशी बोंब झाली. खुर्चीत बसलेला कारकून मागे कलंडू लागला. टेबलावर ठेवलेली पेन्सिल घरंगळत येऊन त्याच्या मांडीत पडू लागली. चौकशी बसली. माल सदोष ठरला. मंडळीला पुन्हा सरकारी काम मिळाले नाही, आणि वर्षभरात कारखान्याला कुलूप लागले. सहदेव मुंबईला गोदीत गेला. सुट्टीवर आला की स्टँडपासून घरापर्यंत कोणी ना कोणी हाक मारीच, “काय वाकड्या, कधी आलास?”

त्याने कधी खुलासा केला नाही. म्हणजे एकदा केला, चौकशीसमोर. “खुर्ची तिच्या जागेवर नेऊन बसवा, मग बोला,” असे तो म्हणाला. चौकशी करणाऱ्यांनी हे उद्धटपणाचे मानले. घरात हे वाक्य येसूबाई कधी अभिमानाने सांगे आणि कधी नवऱ्याच्या तिरसट स्वभावाचा पुरावा म्हणून. सहदेव गेला तेव्हा तिरडीमागून चालणाऱ्यांत सुद्धा कोणीतरी सवयीने ‘वाकडा’ म्हणाले होते. आम्रपालीबाईंनी ते ऐकले होते. माणसांवर चिडण्याचे सोडून इतिहासावर चिडायचे, असे त्यांनी बहुधा त्याच दिवशी ठरवले.

आता पेच असा होता की होल्टसरला ठेवले तर बापाचे काम परक्याच्या नावावर जाते. होल्टसरला काढले, तर खुर्ची पुन्हा वाकडी होते आणि तिच्याबरोबर बाप. शनिवारची सकाळ दोन दिवसांवर आली होती.

मंडळीतला एकच माणूस अजून हयात होता. आम्रपालीबाई रिक्षाने मिरजोळ्याला गेल्या.

काशीराम नव्वदीला टेकला होता. औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाला लागून असलेल्या घराच्या ओट्यावर तो बसला होता, आणि भर उन्हात त्याच्या अंगावर मरून रंगाची कोरी शाल होती.

“काशीरामकाका, शाल नवी दिसते.”

“राजेंद्रशेटनं दिली. शनवारी ष्टेजवर आनखी येक देनार हाय.”

“कशाबद्दल?”

“मी होल्टेसायबाचा उजवा हात व्हतो ना.”

आम्रपालीबाई ओट्याच्या कडेला बसल्या. “काका, तुम्ही त्याला पाहिलंत?”

“पायला म्हंजे? जुलैत आला, पावसात भिजून चिंब. थंडीनं काकडत व्हता. मी त्येला आंबं दिलं खायला.”

“जुलैत आंबे?”

काशीराम जराही डगमगला नाही. “साठां व्हती गो. आंब्याची साठां. सायबानं बोटां चाटली.”

आतून त्याची सून नम्रता पाण्याचा तांब्या घेऊन आली. ती वसाहतीतल्या मासळीच्या कंपनीत कामाला होती आणि तिला कोणाचीच भीड नव्हती.

“मामंजी, परवा सायब मुंबईवरनं आलेला, आज स्वित्झर्लंडवरनं. उद्या चंद्रावरनं आणा त्येला. आणि ती शाल काढा आधी, घामानं निथळताय.”

“शाल मानाची असते.”

“मानाची आहे तर घडी घालून पेटीत ठेवा. बाई, तुम्ही यांचं काही लिहून घेऊ नका हां. मागच्या महिन्यात सांगत होते, थिबा राजाच्या पाळण्याला दांडा यांनीच बसवला.”

“बसवला व्हता!” काशीराम म्हणाला.

साक्षीदार इतक्या स्वस्तात फुटल्याचे दुःख इतिहासकाराला नेहमीच होते. आम्रपालीबाईंनी ते गिळले आणि ज्यासाठी आल्या होत्या तो प्रश्न विचारला.

“काका, होल्टसर राहू दे. खुर्चीचे मागचे पाय आखूड का होते?”

काशीरामचा चेहरा बदलला. त्याने शाल सारखी केली.

“माजी कापनी सरळ व्हती,” तो म्हणाला. “फर्मा सहदेवदादाचा. त्यानं फळीचा फर्मा करून आनला, आमी त्येच्यावर पाय धरून कापलं. मी तवा पोरगा. मी इचारलांव, दादा, ह्ये मागलं आखूड कशाला? तर म्हनला, तू काप. बसनाऱ्याला बसू दे.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “बाय, खरं सांगू? मना वाटतं, त्येचीच नजर चुकली. मी कुनाला बोललो नाय कदी. तू बी बोलू नको.”

ज्याच्या शब्दावर विसंबायला त्या आल्या होत्या, त्या माणसाने दिवसभरात एकच गोष्ट मनापासून सांगितली होती, आणि ती ही होती. आम्रपालीबाई रिक्षात बसून घरी आल्या. शनिवारच्या सकाळी त्यांनी राजेंद्रला फोन केला नाही.

उद्घाटनाला मुंबईहून एक माजी सचिव प्रमुख पाहुणे म्हणून आले होते. गृहस्थ उंच आणि भारदस्त होते, नोकरीभर उत्तम खुर्च्यांत बसलेले. पाहुण्यांनी वारशावर बसूनच वारशाविषयी बोलावे, ही राजेंद्रची कल्पना. त्यामुळे मंचावर त्याच खुर्च्या होत्या आणि तेच टेबल होते. मागे मखमली पडद्याआड पाटी झाकलेली होती. कचेरीची आतली फरशी उपसून तिथे चकचकीत टाइल बसवली होती, आणि तिच्यात झुंबराचे प्रतिबिंब पडले होते.

माजी सचिव बसले आणि मागे गेले. त्यांचे बूट जमिनीपासून सुटले आणि नजर छताला लागली. ते सरळ होण्याची खटपट करीत, सावरत, आणि पुन्हा मावळत.

“पाहुणे आत्ताच चिंतनकोनात गेले आहेत!” राजेंद्र ध्वनिक्षेपकावरून म्हणाला. टाळ्या पडल्या.

भाषणाचे कागद टेबलावरून घसरून सचिवांच्या मांडीत आले. पाठोपाठ पेन आले. “ही रचना लेखकाकडे स्वतःहून चालत येते,” सचिव छताला उद्देशून म्हणाले, कारण त्यांना दुसरे काही दिसत नव्हते. “एखादा युरोपीय मनुष्यच असा विचार करू शकतो.”

पहिल्या रांगेत आम्रपालीबाई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हते. त्यांच्या विद्यार्थ्यांना हा चेहरा ओळखीचा होता. तो दिसला की ते वह्या उघडत.

मग चहा आला. कप टेबलावर ठेवला गेला, बशीसकट पाहुण्यांच्या दिशेने निघाला, आणि वाटेत कुठे थांबला नाही.

या गडबडीत आम्रपालीबाई उठल्या. निषेध म्हणून सभात्याग करण्याचा त्यांचा विचार होता, पण कोणाचे लक्ष नव्हते, त्यामुळे तो नुसताच बाहेर जाणे ठरला. समुद्राच्या बाजूच्या पडवीत त्या आल्या. इथे मात्र जुनीच कोब्याची जमीन होती. ठेकेदाराच्या टाइल आतच संपल्या होत्या. पडवीत चपलांचा ढीग पडला होता, जनरेटर होता, पाण्याचे पिंप होते, आणि भिंतीला पाठ लावून मांडलेल्या खुर्चीत काशीराम बसला होता.

तो बसल्या बसल्याच झोपला होता.

“आत घुसमटत होते,” शेजारी उभी असलेली नम्रता म्हणाली. “मंचावरची एक खुर्ची उचलून आणली, बाई. राजेंद्रशेटना सांगू नका. आत तीन वेळा मागे पडता पडता राहिले. इथं बसले आणि लगेच घोरायला लागले.”

आम्रपालीबाई बघत राहिल्या. ज्या खुर्चीत आत एक धडधाकट माजी सचिव ताठ राहू शकत नव्हता, तशाच खुर्चीत इथे एक म्हातारा गाढ झोपेत ताठ बसला होता. पाठ भिंतीसारखी सरळ, दोन्ही पावले जमिनीवर टेकलेली, शालीची घडी मोडलेली नाही. खुर्ची वाकडी नव्हती. आम्रपालीबाईंनी खाली पाहिले, मग भिंतीच्या पायथ्यापासून बाहेरच्या कडेपर्यंत नजर नेली.

“नम्रता,” त्या म्हणाल्या, “त्या पिंपातलं एक बादलीभर पाणी भिंतीजवळ ओत.”

“इथं? चपला आहेत की सगळ्यांच्या.”

“ओत.”

नम्रताने बादली ओतली. पाणी एक क्षणही घुटमळले नाही. खुर्चीच्या पायांमधून, मान्यवरांच्या चपलांमधून वाट काढत ते थेट बंदराच्या बाजूला गेले आणि कडेवरून खाली पडले. कोणाचे तरी बूट थोडे अंतर त्याच्याबरोबर गेले.

आम्रपालीबाईंनी आत जाऊन राजेंद्रच्या हातातून ध्वनिक्षेपक घेतला. त्यांनी तो इतक्या शांतपणे घेतला की राजेंद्रने तो दिला, असेच सर्वांना वाटले.

“पाहुण्यांना विनंती आहे की त्यांनी चिंतनातून बाहेर यावं,” त्या म्हणाल्या. “इतरांनी पडवीत यावं. आपल्या चपला बघायला तरी याच. दोघांनी हे टेबल उचलून आणा.”

चपलांचे नाव काढताच सभागृह रिकामे झाले. टेबल भिंतीलगत, खुर्चीच्या पुढ्यात मांडले गेले. बाईंनी स्टीलचा पेला काठोकाठ भरून त्यावर ठेवला आणि शेजारी पेन्सिल आडवी ठेवली. पाणी पेल्याच्या काठाला सगळीकडून सारखे लागले. पेन्सिल जागची हलली नाही. राजेंद्रने पुढे होऊन तिला बोटाने हळूच ढकलले. अर्धा वळसा घेऊन ती थांबली.

“पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून कोकणातल्या कुठल्याही पडवीला उतार असतो,” आम्रपालीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातला होता. “बंदर कचेरीत आत साहेब बसायचे. कारकून इथं बसायचे, भिंतीला पाठ लावून, तोंड मचव्यांकडे. त्यांच्या पाठीकडची जमीन उंच, समोरची खोल. सहदेव सकपाळने इथं येऊन माप घेतलं आणि त्या मापाचा फर्मा केला. उतारावर कारकून सरळ बसावा म्हणून मागचे पाय आखूड केले. टेबलाचे पायही त्याच बाजूने. मग कचेरी हलली, सामान सपाट फरशीवर गेलं, आणि सरळ माणूस वाकडा ठरला. ‘तिच्या जागेवर नेऊन बसवा’ असं त्यांनी सांगितलं होतं. कोणी नेली नाही.” पुढचे वाक्य त्यांना उच्चारायला थोडे जड गेले. “मीही नाही. मी त्याचं उत्तर मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांत शोधत होते. माझं घर इथून चालत दहा मिनिटांवर आहे.”

गलक्याने काशीराम जागा झाला. त्याने खाली पाहिले, मग हाताने पेला चाचपला. एकदा बूड हलवून बघितले. खुर्ची ढळली नाही.

“सरळ हाय गो!” तो ओरडला. “दादाची नजर चुकली नव्हती!” मग भोवतालची गर्दी त्याच्या ध्यानात आली, आणि शाल सावरत तो गंभीरपणे म्हणाला, “मी तर पयल्यापासनं ह्येच सांगत व्हतो.”

“आणि होल्टसर?” नम्रताने विचारले.

“कोन होल्टसर?”

“मग शाल परत करा.”

“शाल सहदेवदादाच्या उजव्या हाताची हाय,” काशीराम म्हणाला.

आम्रपालीबाईंनी त्याला हाताला धरून उठवले आणि त्या स्वतः खुर्चीत बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच. समोर बंदर होते, बांधलेले मचवे होते. पाठीला येसूबाईची वीण टेकली होती. माजी सचिव ओल्या पँटनिशी पहिल्यांदाच ताठ उभे होते.

प्रतिष्ठानाच्या अध्यक्षांनी घसा खाकरला. पाटीचा मजकूर बदलावा लागेल, असे ते म्हणाले. बाईंनीच नवा द्यावा.

“देते,” आम्रपालीबाई म्हणाल्या. “पण राजेंद्र माझा विद्यार्थी आहे. प्राथमिक साधन दिल्याशिवाय मी त्याला पुढे जाऊ देणार नाही. राजेंद्र, हा होल्टसर कोणी लिहिला आणि का लिहिला, इथं सगळ्यांसमोर सांग. सावकाश सांग. मी उतरवून घेते आहे.”

नवी पाटी महिन्याभरात तयार झाली. तिच्यावर सहदेव सकपाळ, येसूबाई सकपाळ आणि मंडळीतल्या इतर सर्वांची नावे आहेत. काशीरामचे नाव त्याच्या आग्रहावरून जरा मोठ्या अक्षरात आहे. खुर्ची आणि टेबल आता पडवीत, भिंतीला पाठ लावून असतात, आणि तिथली जमीन कोणी सपाट करू नये असा ठराव झाला आहे. नावांच्या खाली, साधनाचा निर्देश करण्याच्या शिस्तीने, बाईंनी राजेंद्र रेडीज याचे निवेदन कोरून घेतले. छोटे करावे, निदान चीजचा उल्लेख गाळावा, अशी विनंती त्याने दोनदा केली. साधनात फेरफार करता येत नाही, असे बाईंनी त्याला द्वितीय वर्षालाच शिकवले होते. ते निवेदन असे:

“हो, मीच लिहिलं. होल्टसर कोणी नव्हताच. नाव मी चीजच्या डब्यावरून घेतलं. आजोबांनीच या खुर्च्या वाकड्या म्हणून कचेरीतून बाद करायला लावल्या आणि आपल्या वखारीच्या सरळ खुर्च्या दिल्या. त्या वाळवीने खाल्ल्या. या राहिल्या. बाद झाल्यापासून आमच्या गोदामात पडून होत्या, फुकट म्हटलं तरी कोणी नेईना. म्हणायचे, वाकड्या आहेत. मी सांगितलं, परदेशी माणसाने केल्यात. तर तेच लोक म्हणाले, वा, काय कोन आहे! मी फक्त माणूस बदलला, मॅडम. खुर्चीला हात लावलेला नाही.”